निकालानंतरचे पंधरा दिवस : गावात मतदाराला सांभाळायचं कसं?

बिंदुसरा

मंडळी, झेडपी, पंचायत समिती आणि पाठोपाठ ग्रामपंचायत, अशी निवडणुकांची रांग डोक्यावर आहे. आमचं गाव माजलगाव-वडवणी पट्ट्यातलं. आधीच सांगतो, आरक्षणात कोण बरोबर आणि कोण चूक यावर हा धागा नाही. त्यावर शंभर धागे आहेत, तिकडे जाऊन मनसोक्त भांडा.

मतदानाच्या दिवशी बंदोबस्त असतो. लोकसभेला बिलोली तालुक्यात एकाने कुऱ्हाडीने यंत्र फोडलं, विधानसभेला घाटनांदूरला तोडफोड झाली. लगेच बातमी झाली, पोलीस आले, यंत्रं बदलून मतदान पुढे सुरू झालं. दिसणाऱ्या गोष्टीवर इलाज होतो. मला धास्ती आहे ती निकालाच्या संध्याकाळी सुरू होणाऱ्या प्रकाराची. तेव्हा गावात एकही पोलीस नसतो आणि आचारसंहिताही उठत आलेली असते.

४ जून २०२४ आठवा. बीड लोकसभेचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. एवढं मतदान आमच्या सर्कलमधल्या चार-पाच गावांचं मिळून होतं. म्हणजे प्रत्येकाला वाटलं की निकाल आपल्याच गावाने फिरवला. रात्री अकराच्या आत बूथनिहाय आकड्यांच्या कागदाचा फोटो मोबाईलवर फिरला. मतमोजणी प्रतिनिधीने पेनाने लिहिलेला, कडेला बेरीज केलेला. त्यावर कुणीतरी लाल गोल करून लिहिलं होतं, 'हे कोण?' आमच्या गावात दोन बूथ, आणि कोणत्या गल्ल्या कोणत्या बूथला हे शेंबड्या पोरालाही माहीत. मग सुरू झालं. अमक्याच्या गिरणीत दळण टाकायचं नाही, तमक्याच्या दुकानात दाढी करायची नाही, त्यांच्या ट्रॅक्टरने पेरायचं नाही. जून महिना, मृगाची घाई, आणि लोक तिफणीसाठी शेजारचं गाव गाठायलेत. जुलैत एक म्हातारं माणूस गेलं तेव्हा अर्धं गाव मातीला आलं नाही. त्या माणसाने मत कुणाला दिलं होतं हे त्याच्या लेकालाही माहीत नव्हतं.

तर प्रश्न असा की मतदान गुप्त असतं म्हणतात, पण गावाचं मत उघडं पडतं आणि त्याची वसुली एकेका घराकडून होते. यावर गावपातळीवर काही करता येतं का? ज्यांनी काही करून पाहिलंय त्यांनी लिहा.

पान_टपरी

काही करता येत नाही. निवडणूक पाच वर्षांनी येते, जात रोज येते.

मोंढा_जालना

आमचं किराणा दुकान आहे, गावाचं नाव सांगत नाही. लोकसभेनंतर शपथा घेतल्याचे व्हिडिओ फिरत होते ना, अमक्या समाजाच्या दुकानातून काही घ्यायचं नाही म्हणून, त्या वेळची गोष्ट. आमच्याकडे शपथ वगैरे झाली नाही, नुसतं गिऱ्हाईक कमी झालं. कुणी काही बोललं नाही. उधारीच्या वहीतले लोक आधी गायब झाले. आता ही गंमत बघा, बहिष्कारामुळे उधारी वसूल करायची पण पंचाईत. मागायला गेलं तर 'निवडणुकीचा राग काढायले' म्हणायचे.

रात्री उशिरा मागच्या दाराने गिऱ्हाईक यायचं. साखर, पत्ती, पोरांचे बिस्किटचे पुडे. दिवसा रस्त्यात ओळख दाखवायचे नाहीत. म्हणजे राग माणसांच्या मनात नव्हता, गावात आपण एकटे पडू ही भीती होती. मला हे महत्त्वाचं वाटतं. बहिष्कार टाकणाराही घाबरलेलाच असतो.

चार महिन्यांनी दसरा-दिवाळीच्या बाजाराला सगळं पूर्ववत झालं, तेवढ्यात नोव्हेंबरात विधानसभा आली.

निवृत्त_मास्तर

परभणी-जिंतूर भागात नोकरीभर निवडणूक ड्युटी केली, केंद्राध्यक्ष म्हणूनही. मूळ प्रश्न निकालानंतरचा आहे हे मान्य, पण गुप्तता आधी केंद्रात गळते आणि मग निकालात. केंद्रातली गळती थांबवणं तुमच्या-आमच्या हातात आहे.

पहिली गोष्ट मतदान कक्षाची. झेडपीच्या शाळेची खोली, गज असलेली खिडकी, आणि पुठ्ठ्याचा कक्ष नेमका खिडकीसमोर लावलेला. बाहेरच्या पोराला हात कोणत्या बाजूला गेला ते दिसतं. मतदारयादीपेक्षा आधी मी खिडकी बघायचो. पाल नाहीतर जुना नकाशा लावून झाकायची. भारताचा प्राकृतिक नकाशा या कामाला उत्तम.

दुसरी गोष्ट सोबत्याची. अंध किंवा अपंगत्वामुळे स्वतः बटण दाबता न येणाऱ्या मतदाराला सोबती नेता येतो. तो १८ वर्षांचा हवा, त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो, आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. प्रत्यक्षात काय होतं? 'आजीला दिसत नाही' म्हणत एकच पोरगा सकाळपासून सहा आज्या आणतो. आजी बाहेर उभी राहून गव्हातले खडे निवडू शकते, पण आत आल्यावर आंधळी. अशा वेळी दुसऱ्या पक्षाचा प्रतिनिधी आक्षेप घेईल असं वाटतं. तो घेत नाही, कारण त्याच्याही आज्या रांगेत असतात. केंद्राध्यक्षाने नाही म्हणायला हवं, आणि त्याला नाही म्हणता यावं म्हणून गावातल्या चार माणसांनी आदल्या दिवशी शाळेत जाऊन जेवणाची विचारपूस करता करता सांगून ठेवावं की साहेब, नियमाने चालवा, गाव तुमच्या मागे आहे. बाहेरगावचा कर्मचारी फार एकटा असतो हो. त्याला पाणी कोण आणून देतं यावर त्याचा दिवस ठरतो.

तिसरी गोष्ट फोटोची. 'कुणाला दिलं त्याचा फोटो काढून आण, मग बाकीचे पैसे' हा नवा धंदा आहे. मोबाईल आत नेऊच द्यायचा नाही. पैसे देणाऱ्याला पुरावा मिळत नाही म्हटल्यावर त्याचीच पंचाईत होते.

आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर मुकाट्याने घरी जाऊ नका. प्रदत्त मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. मोजणीत ते धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर तेच उपयोगी पडतं. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये एका मताने निकाल लागला, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं ते अशाच मतांवरून.

काळी_आई

मास्तर, सहा आज्या वाचून हसू आलं. आमच्याकडं तर एक आजी तीनदा आली होती.

ऊसतोड_पोर

माझे आईवडील कोयत्यावर आहेत, मी शिकतो. तुमच्या चर्चेत एक माणूस येईना, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला. कारखान्याला टोळ्या वेळेवर पाहिजेत, उमेदवाराला मतं पाहिजेत, मधी मुकादम. आईवडिलांनी उचल घेतलेली. उचल फिटेपर्यंत मुकादमाला नाही म्हणायची सोयच नाही. तो म्हणला थांबा, मतदान करून जाऊ, तर थांबायचं. तो म्हणला फडावरून गाडी निघणार, तर रात्रभर बसून यायचं. तुम्ही लोक म्हणता आमिष. आमच्याकडं आमिष नसतं, आधीच घेतलेले पैसे असतात.

आणि गाडी येती ती मतापुरती. मतदान झालं की बायका-पोरं घेऊन परत फडावर कसं जायचं ते आपलं आपण बघायचं. गेल्या वेळी आई लहान बहिणीला घेऊन एसटीने गेली, दोन ठिकाणी बदलून.

फडावरून मत टाकायची सोय पाहिजे. २०२२ च्या शेवटी निवडणूक आयोगाने दुसऱ्या गावातून मत टाकता येईल असं यंत्र काढलं होतं, पक्षांनी विरोध केला, विषय थांबला. आमच्याकडून कोण बोलणार? आम्ही तेव्हा फडात.

वकील_अंबाजोगाई

@ऊसतोड_पोर, तुझ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. लोकसभा-विधानसभेला उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कुणीही मतदारांना फुकट वाहनाने केंद्रावर आणणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचार आहे. याच कलमात जातीतून वाळीत टाकण्याची धमकी ही 'गैरवाजवी दडपण' म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. अडचण अशी की हे निवडणूक याचिकेत, म्हणजे निकालानंतर हायकोर्टात सिद्ध करायचं असतं. गावातला माणूस तिथवर जात नाही.

निवडणूक कोणतीही असो, ग्रामपंचायतीची का असेना, भारतीय न्याय संहितेची १७० ते १७४ ही कलमं लागू होतात. लाच, दडपण, तोतया मतदान. त्यातलं दडपणाचं कलम आपल्या लोकांनी जरूर वाचावं. मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणं हाही त्यात गुन्हा आहे. म्हणजे आदल्या रात्री मारुतीच्या पारावर नेऊन भंडारा उचलायला लावतात ना, तो गुन्हाच. शिक्षा एक वर्षापर्यंत. पण कलम अदखलपात्र आहे, ठाण्यात गेलात की एनसी लिहून कागद हातात देतात. तरी लिहून घ्याच. पुढे मारहाण झाली तर तोच कागद उपयोगी पडतो.

आता बहिष्काराबद्दल. सगळे सांगतात की महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. आहे, २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तो नीट वाचा. तो मुख्यतः जातपंचायतींसाठी केलेला कायदा आहे, एका समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्यावर. एका समाजाने दुसऱ्या समाजाच्या किराणा दुकानावर टाकलेला बहिष्कार त्यात सरळ बसत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर टाकलेला सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार अॅट्रॉसिटी कायद्यात येतो, आणि त्यांना मतदानापासून अडवणं किंवा ठरावीक उमेदवाराला मत द्यायला भाग पाडणंही येतं. ते दखलपात्र आहे. बाकीच्यांसाठी, म्हणजे @मोंढा_जालना यांच्यासारख्यांसाठी, उघड शपथेचा व्हिडिओ असेल तर दोन समाजांत तेढ वाढवण्याचं कलम लावता येतं. नुसतंच गिऱ्हाईक आलं नाही तर कायद्याकडे औषध नाही. कुणी साखर कुठून घ्यावी हे कोर्ट सांगू शकत नाही.

मोंढा_जालना

वकीलसाहेब, हेच मला ठाण्यात साध्या भाषेत सांगितलं होतं. 'गिऱ्हाईकाला धरून आणू का?' म्हणाले.

हुरडा_पार्टी

एवढं सगळं कशाला? ग्रामपंचायत बिनविरोध करा. ना मतदान, ना बूथ, ना आकडे. आमच्या शेजारच्या गावात केली, गुण्यागोविंदाने नांदताहेत. वर आमदार निधी देतो म्हणाले.

तांडा

@हुरडा_पार्टी, तुमचं गुण्यागोविंदाने म्हणजे कुणाचं?

आमच्याकडे गेल्या खेपेला बिनविरोध झाली. बैठक गावातल्या देवळात, रात्री साडेनऊला. तांड्यावर निरोप आला दुसऱ्या दिवशी सकाळी, की ठरलंय. आमच्या वाट्याला एक सदस्य, तोही त्यांनीच निवडलेला. आमच्या एका पोराला फॉर्म भरायचा होता. त्याच्या बापाला बोलावून सांगितलं, 'गावाच्या एकीला नख लावू नको.' बाप त्यांच्याच शेतात सालावर. पोराने फॉर्म भरला नाही. भांडण झालं नाही हे खरं आहे.

२०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथली ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली. तिथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघडकीला आलं होतं. ते पण बिनविरोधच होतं, सगळ्यांच्या संमतीने.

मत द्यायला मिळणं हीच आमच्यासारख्यांची पाच वर्षांतून एकदाची किंमत आहे. तीच काढून घेऊन शांतता आणणार असाल तर आम्हाला ती नको.

हुरडा_पार्टी

तसं म्हणायचं नव्हतं. पण खून-मारामारीपेक्षा बरं, एवढंच. मस्साजोगला सरपंचाचं काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं.

तांडा

तो खून मतदानामुळे झाला नाही दादा. खंडणी आणि दहशतीचं प्रकरण आहे ते, दोन्ही एकत्र नका करू.

नांदेडकर

बूथच्या मुद्द्यावर मला दोन्हीकडून वाटतं. आमच्या भागात एका वस्तीला मतदानासाठी गावातल्या मुख्य गल्लीतून जावं लागायचं. चौकात माणसं बसलेली, कोण गेलं कोण नाही ते बघत. तक्रारी झाल्या, वस्तीजवळ वेगळं केंद्र मिळालं. निवडणूक आयोगाची तशी पद्धतच आहे, दडपणाखालच्या वस्त्या आधी शोधायच्या आणि त्यांची सोय करायची. मतदान वाढलं. बायका पहिल्यांदा एकट्या जाऊन मत टाकून आल्या.

पण निकाल आला आणि त्या केंद्राचा आकडा म्हणजे त्या वस्तीचा आकडा! आधी निदान गावात मिसळलेला होता. म्हणजे जाताना सुरक्षित, आल्यावर उघडे.

यावर उपाय यंत्रात आहे आणि जुना आहे. मतपत्रिकांच्या काळात मतदारांवर सूड उगवला जाण्याची भीती असेल तिथे आयोगाला मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळायला सांगता यायचं. नियमात तशी तरतूद होती. यंत्रं आली आणि प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा येऊ लागला. २००८ मध्ये आयोगाने 'टोटलायझर' सुचवला, म्हणजे बऱ्याच यंत्रांची बेरीज एकदम दाखवायची, केंद्रवार आकडा बाहेरच पडत नाही. २०१५ मध्ये विधी आयोगानेही आपल्या २५५ व्या अहवालात शिफारस केली. अजून आलेला नाही. कारण उघड आहे. कोणत्या बूथवर किती पडली हे नाही कळलं तर कार्यकर्त्याला हिशोब कसा मागणार?

आणि दडपणाखालच्या वस्त्या शोधायची पद्धत कशी चालते तेही ऐका. निवडणुकीचा क्षेत्रीय अधिकारी जीपने येतो, ग्रामपंचायतीसमोर थांबतो, पोलीस पाटील, सरपंच, चार पुढारी गोळा होतात. साहेब विचारतो, 'इथे कुणी कुणाला दमदाटी करतं का?' ज्याच्या दहशतीबद्दल सांगायचं तो समोर चहाचा कप पुढे करतोय. 'नाही साहेब, आपलं गाव शांत आहे.' साहेब लिहून घेतो. गाडी पुढच्या गावाला. ते विचारणं एकट्यात, वस्तीवर जाऊन, शक्यतो बाईमाणसाकडून झालं पाहिजे.

भावनाशून्य

सगळ्याला जबाबदार एकच ███████. त्यांनी आधी

*(संपादक : विशिष्ट समाजाला उद्देशून असलेला मजकूर काढला आहे. बिंदुसरा यांनी धाग्याच्या सुरुवातीलाच मर्यादा सांगितली आहे.)*

पान_टपरी

बघा. मी म्हटलं होतं.

गोधडी

'बाईमाणसाकडून' वाचलं म्हणून लिहिते. मी उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या कामात आहे, गावं धाराशिव जिल्ह्यातली.

पुरुषांचं बोलणं बंद झालं तरी बचत गटाचं बोलणं बंद करता येत नाही, कारण कर्ज सगळ्यांच्या नावावर असतं. एकीने हप्ता भरला नाही तर दहाजणींचं पुढचं कर्ज अडतं. आमच्याकडे एका गटात तीन समाजाच्या बायका आहेत. निकालानंतरच्या आठवड्यात बैठक होती, दोघींच्या घरून सांगितलं जायचं नाही. अध्यक्ष बाईंनी काय करावं? बैठकीचं रजिस्टर घेऊन त्यांच्या घरी गेली, अंगणात बसली, नवऱ्यासमोर म्हणाली, 'हप्ता भरणार का दंड लावू?' नवऱ्यानेच पैसे काढून दिले आणि पुढच्या वेळी जा म्हणाला. भाषण दिलं असतं तर उपयोग झाला नसता.

म्हणून माझं म्हणणं, शांतता समिती पोलीस ठाण्यात बसवण्यापेक्षा जिथे लोकांचा पैसा, पाणी, दूध एकमेकांत अडकलेलं आहे तिथे काम करा. दूध संकलन केंद्र घ्या, सामाईक विहीर घ्या, शाळेची व्यवस्थापन समिती घ्या. तंटामुक्तीची समिती २००७ पासून आहे, चांगली कल्पना होती. पण आमच्या तीन गावांत तिचा अध्यक्ष हाच एका गटाचा पुढारी. तंटा कुणी सोडवायचा?

दुसरी गोष्ट कार्डाची. आदल्या रात्री घरातल्या बायकांची मतदान कार्डं 'सांभाळायला' गोळा होतात. कधी मतदान होऊ नये म्हणून, कधी झालं की पैसे एकदम घ्यायचे म्हणून. बायकांना वाटतं कार्ड नाही म्हणजे मत नाही. आम्ही बैठकीत सांगतो की आधार चालतं, रोजगार हमीचं जॉबकार्ड चालतं, फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं. गटाच्या कर्जामुळे पासबुक प्रत्येकीकडे आहेच. फक्त यादीत नाव पाहिजे. ते आठ दिवस आधी बघून घ्या. स्थानिक निवडणुकीला संभाव्य दुबार नावापुढे दोन तारे टाकलेले असतात, अशा बाईने आधीच कुठल्या केंद्रावर मत देणार ते लिहून द्यावं. नाहीतर केंद्रावर हमीपत्र लिहा, ओळख पटवा, आणि तेवढ्यात मागून कुणी 'बोगस, बोगस' ओरडलं की ती बिचारी घरी. माहेर-सासर दोन्हीकडे नाव राहिलेल्या लेकीसुनांचंच असं जास्त होतं. सातवीचं पोर ओरडलं तरी बाई लाजून निघून जाते.

निवृत्त_मास्तर

गोधडीताई, रजिस्टर घेऊन अंगणात बसणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

काळी_आई

बीडच्या पोलिसांनी छातीवरच्या पाटीवर नुसतं पहिलं नाव ठेवलं, आडनाव काढलं, ते मला पटलं होतं. लोक हसले. पण आपल्याकडं माणूस भेटला की पहिलं आडनाव, मग गाव, मग 'म्हणजे कुणापैकी?' ठाण्यात तक्रार घेऊन गेलेला माणूस समोरच्याची पाटी वाचूनच अर्धी तक्रार गिळतो. मतदान कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रावरही तसं करून बघावं.

पान_टपरी

आडनाव काढलं तर लोक पहिल्या नावावरून ओळखतील, मग गावावरून, मग बोलण्यावरून. तरी असू द्या, तेवढाच वेळ जास्त लागेल.

वकील_अंबाजोगाई

टपरीवाले आज नरम आहेत.

एक राहिलं. ग्रुप अॅडमिनवर गुन्हा होतो या भीतीने लोक गावाचे ग्रुप बंद करतात. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने काही टाकलं म्हणून अॅडमिन आपोआप दोषी होत नाही, त्याचा हेतू सामील असावा लागतो. पण दोषी नाही म्हणजे हात बांधलेले आहेत असंही नाही. मोजणीच्या दिवशी 'फक्त अॅडमिन लिहू शकतात' हे बटण दाबायला कुणाच्या परवानगीची गरज नसते.

बिंदुसरा

सगळ्यांचे आभार. हा धागा गावातल्या पाच-सहा जणांना वाचून दाखवला. दोन्ही बाजूंचे होते. मुद्दाम दूध डेअरीवर बसलो, गोधडीताईंचं ऐकून. तिथे फॅट लावायच्या वेळी कुणाला उठून जाता येत नाही.

बूथच्या आकड्यांवर बरीच घासाघीस झाली. आकडे लपवायचे नाहीत, ते जाहीरच असतात, आयोगही छापतो. पण गावाच्या ग्रुपवर कागदाचा फोटो टाकायचा नाही आणि लाल गोल करायचे नाहीत. दोन्हीकडचे मोजणी प्रतिनिधी एकाच गाडीने तालुक्याला जातील आणि एकाच गाडीने येतील, असं एकाने सुचवलं. आधी सगळे हसले. मग दुसरा म्हणाला, डिझेलचे पैसे वाचतील. हे जमेल असं वाटतंय. टोटलायझर येईल तेव्हा येईल.

तांड्यावरच्या मित्राचं वाचून बिनविरोधचा विषय आम्ही काढलाच नाही. आमच्यातला एकजण काढणार होता.

क्षेत्रीय अधिकाऱ्याला वस्तीवर नेऊन, पुढारी सोडून बोलायला लावायचं काम गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंवर टाकलंय. त्या म्हणाल्या, साहेबांना बीपी तपासायच्या निमित्ताने बोलावते.

मिरवणुकीवर मात्र अडलं. गेल्या वेळी जेसीबीच्या खोऱ्यातून गुलाल उधळत मिरवणूक मुद्दाम हरलेल्याच्या गल्लीतून नेली होती, डीजे त्याच्या दारात अर्धा तास थांबवला, आणि त्या घरात बाळंतीण. दगड त्यानंतर आले. या वेळी रस्ता आधीच ठरवायचा, ठाण्यात लिहून द्यायचा आणि मिरवणूक दिवेलागणीच्या आत संपवायची, इथवर सगळे आले. पण 'आम्ही जिंकलो तर पाळू, ते पाळतील कशावरून' इथे गाडी रुतली.

मोंढा_जालना

आमच्याकडे दोन्ही उमेदवारांकडून डीजेवाल्याला सांगून ठेवलं होतं की ठरलेल्या रस्त्याबाहेर गाडी नेली तर उरलेले पैसे मिळणार नाहीत. माणसांचं नाही ऐकलं, ड्रायव्हरने ऐकलं. वाद्य पुढं सरकलं नाही की मिरवणूक जात नाही.

गोधडी

जेसीबीवाल्यालाही सांगा.

बिंदुसरा

जेसीबी सरपंचांचाच आहे, ते अवघड आहे. डीजेवाला माझा मावसभाऊ, त्याला काल फोन केला. त्याने दोन्ही पार्ट्यांकडून बयाणा घेऊन ठेवलाय. हरणाऱ्याचे परत करणार का विचारलं तर म्हणतो, हरणाऱ्यांनी पुढच्या लग्नसराईत वळते करून घ्यावेत. रस्त्याचं कबूल झालाय. रविवारी दोघांना त्याच्या गोडाऊनवर बोलावतो, कागद तिथेच करतो.